खेळ संपल्यावरचा हात

शकुअक्का गेल्याची बातमी मला आमच्या क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. शनिवारची सकाळ होती, शाळेला सुट्टी होती, म्हणून म्हैसूरच्या बोगादी भागातल्या माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी उशिराचा चहा घेऊन बसले होते. सेक्रेटरींनी इंग्रजीत दोनच ओळी टाकल्या होत्या, आमच्या ज्येष्ठ सदस्या काल संध्याकाळी हृदयविकाराने गेल्या, अशा अर्थाच्या. खाली एकेकाचे जोडलेले हात यायला लागले. छोटे, पिवळे, सगळे एकसारखे. बघता बघता पडदा त्या हातांनी भरून गेला. मीही सवयीने तेच चित्र शोधलं आणि माझा अंगठा थांबला. अक्कांना हे आवडलं नसतं. "नमस्कार देवाला करायचा गे," त्या म्हणायच्या, "ज्याच्याशी खेळलो त्याला हात द्यायचा." मी काहीच पाठवलं नाही. फोन पालथा ठेवला, आणि चहा निवून त्यावर साय धरेपर्यंत तशीच बसून राहिले…

दुपारच्या आत सरस्वतीपुरममधल्या त्यांच्या घरी पोचले. बाहेरच्या खोलीत शेजारच्या चार बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुतण्या अमेरिकेहून निघाला होता, पण तो येईपर्यंत थांबायचं नाही असं ठरलं होतं. अक्कांना चटईवर निजवलं होतं आणि रीतीप्रमाणे कोणीतरी त्यांचे दोन्ही हात छातीवर जोडून, दोऱ्याने बांधून ठेवले होते. मी वाकले, त्यांच्या उजव्या हाताला आपला हात लावावा म्हणून. पण जोडलेल्या हातांत तिसऱ्या हाताला शिरायला वाव नसतो. मी नुसती बोटं टेकवली आणि मागे सरले.

अक्का माझ्या नात्यातल्या नव्हत्या. त्यांचं घराणं म्हैसुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की मूळ गाव कोणतं हे त्यांच्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की मिरजेहून आलेल्या मला पहिले काही महिने अर्धं बोलणं अंदाजाने घ्यावं लागे. आणि माझं मराठी ऐकून त्या म्हणायच्या, "तू बोलतीस की रेडिओवरची बाई बोलती, कळंना गे मला." अक्का बँकेत नोकरीला होत्या. खेळाडू म्हणूनच त्यांना ती नोकरी मिळाली होती. तरुणपणी त्या राज्याच्या संघातून टेबल टेनिस खेळल्या होत्या. भाऊ परदेशी गेला, आई अंथरुणाला खिळली, आईचं करता करता लग्नाचं वय निघून गेलं. मग आईही गेली. मी भेटले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या घरात त्या एकट्या राहत होत्या.

मीही तोवर एकटीच झाले होते. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरमधल्या नोकरीमुळे आम्ही म्हैसूरला आलो. पुढे त्याला हैदराबादला चांगली जागा मिळाली, मी शाळेतल्या नोकरीसाठी इथेच राहिले, आणि यथावकाश आम्ही कायद्यानेही वेगळे झालो. मुलगी शिकायला पुण्याला गेली. संध्याकाळी पेपर तपासून झाले की घरात फ्रिजचा आवाज तेवढा उरायचा. कॉलेजात असताना मी टेबल टेनिस खेळायची, एवढ्या आधारावर एक दिवस धीर करून क्लबात गेले. एका बागेमागे पत्र्याच्या छताचा हॉल, त्यात दोन टेबलं. निळी ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातलेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा बांधलेल्या एक बाई एकट्याच बाकावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या, म्हणाल्या, "बा, ये, खेळूया," आणि पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी मला असं काही पळवलं की माझ्या नाकी नऊ आले. तिन्ही गेम मी हरले. बॅट टेबलावर टाकली आणि पाणी प्यायला बाकाकडे वळले, तर मागून आवाज आला, "आणि हात कोण देणार?"

वळून पाहिलं. अक्का जाळीच्या टोकाशी हात पुढे करून उभ्या होत्या. हसत नव्हत्या, रागावल्याही नव्हत्या. बस थांब्यावर माणूस जसा थांबतो तशा थांबल्या होत्या. मी लगबगीने जाऊन हात दिला. कोरडा, ऊबदार हात, अंगठ्याच्या मुळाशी जुना घट्टा. त्यांनी तो नीट धरला, माझ्या डोळ्यांत बघितलं, "छान खेळलीस" असं काहीतरी म्हणाल्या आणि मगच सोडला. बाकावर बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुण्याहून लेक येऊन गेल्यापासून मला कोणाचा हातच लागला नव्हता. शाळेत सगळे 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणतात, बाजारात पैसेही आता फोनवरून देतो… मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, ते खेळण्यासाठी की त्या हातासाठी, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

क्लबातल्या तरुण मुलांना अक्कांच्या या नियमाची गंमत वाटायची. ती मुठीला मूठ लावायची, नाहीतर नुसतं 'थँक्यू आंटी' म्हणत खिशातून फोन काढायची. अक्का हात पुढे करून उभ्याच राहायच्या. शेवटी त्या मुलाला ओशाळून परत यावं लागे. "सामना संपला असं पंच म्हणाला म्हणून संपते नाही," त्या सांगायच्या. "हात दिल्यावर संपते. तोवर तू अजून त्याच्या विरुद्धच उभी आहेस." हे त्या भाषणासारखं कधी म्हणत नसत. बॅटवरचा घाम पुसता पुसता, दुसरीकडे बघत म्हणायच्या.

त्या इतक्या हट्टी का, हे मला फार उशिरा कळलं. म्हैसूरजवळच्या एच. डी. कोटे गावातल्या एका शाळेने आंतरशालेय स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला त्यांना बोलावलं होतं आणि सोबत म्हणून मी गेले होते. मुलींच्या अंतिम सामन्यात हरलेली मुलगी ढसाढसा रडायला लागली. जिंकलेली हात पुढे करून उभी, आणि ही तोंड फिरवून. तिच्या शाळेचे क्रीडाशिक्षक धावत आले, त्यांनी तिचा दंड धरला आणि तिला ओढत जाळीकडे न्यायला लागले. पाहुण्यांच्या खुर्चीतून अक्का ताडकन उठल्या. "सर, सोडा तिला," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "ओढून आणलेला हात काय उपयोगाचा? राहू दे." मग त्या रडणाऱ्या मुलीकडे गेल्याच नाहीत. जी हात पुढे करून उभी होती, तिच्याकडे गेल्या आणि तो हात आपल्या हातात घेतला. म्हणाल्या, "खाली घे आता, बाळा. तू दिलास, तेवढं झालं."

परतीच्या बसमध्ये बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग आपणच बोलायला लागल्या. "मी बी अशीच उभी होते गे…"

तरुणपणची गोष्ट. राज्याच्या निवड स्पर्धेचा शेवटचा सामना, बेंगळुरूच्या हॉलमध्ये. समोर हुबळीची जयंती. दोघींतली जी जिंकेल ती राज्याच्या संघात, असा हिशेब होता. शेवटची गेम वीस-वीस होऊन पुढे गेली. शेवटच्या पॉइंटला अक्कांचा फटका जयंतीकडच्या टेबलाच्या कडेपाशी खाली गेला. वरच्या कडेला लागला असेल तर पॉइंट अक्कांचा, नाहीतर जयंतीचा. पंचाने अक्कांना पॉइंट दिला. जयंती ओरडली, "लागला नाही!" पंचाने ऐकलं नाही. अक्का जाळीपाशी गेल्या, हात पुढे केला. जयंतीने बॅट उचलली, पिशवी उचलली आणि हात न देता हॉलबाहेर चालती झाली.

"सगळा हॉल बघत होता," अक्का म्हणाल्या. "मग कोणीतरी माझ्याकडे कप दिला. एका हातात कप, आणि हा दुसरा हात… याचं काय करावं मला कळेना. घालायला खिसा बी नव्हता."

"पण चेंडू लागला होता ना?" मी विचारलं.

"लागला होता. मी बघितलं आपल्या डोळ्यांनी." थोड्या वेळाने हसल्या. "कन्नडात 'कै कोट्टळु' म्हणजे हात दिला बी होते, आणि दगा दिला बी होते. तिने हात दिला नाही, म्हणजे दगा बी दिला नाही म्हणायचं!"

मध्यंतरी टीव्हीवर दोन संघांनी सामन्यानंतर हात मिळवले नाहीत म्हणून मोठा वाद चालला होता. क्लबातही दोन तट पडले, आवाज चढले. कोणीतरी अक्कांना मत विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं, "हात पुढे करून कोणी उभं राहिलं होतं काय?" ते कोणालाच ठाऊक नव्हतं. अक्का उठल्या आणि खेळायला गेल्या.

पण त्याआधी करोना येऊन गेला होता, आणि खरं म्हणजे अक्कांचं म्हातारपण मी त्या काळात पहिल्यांदा बघितलं. क्लब बंद झाला तेव्हा मी त्यांना रोज फोन करायची. उघडला तेव्हा भिंतीवर कागद चिकटवलेला होता: हात मिळवू नये, बॅटला बॅट टेकवावी. अक्कांनी तो नियम निमूटपणे पाळला. नियम मोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. खेळ संपला की बॅट पुढे करायच्या, टक असा आवाज व्हायचा, आणि त्या हात ट्रॅक पँटला पुसून बाकावर जाऊन बसायच्या. पुढे आजार ओसरला, कागद फाटून गेला, पण हात काही परत आले नाहीत. बॅट टेकवायची सवयच पडली सगळ्यांना. एका संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो. शेवटची गेम संपली, अक्कांनी बॅट पुढे केली. मी माझी टेबलावर ठेवली आणि हात पुढे केला. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग असा काही हात धरला… नेहमीपेक्षा जास्त वेळ. म्हणाल्या, "घरी मांजर बी नाही गे मला." त्यानंतर आमच्या दोघींपुरता तो रिवाज पुन्हा सुरू झाला.

दोन वर्षांपूर्वी म्हैसुरात ज्येष्ठांची स्पर्धा भरली. अक्कांच्या वयोगटात बायका इन मिन चार. उपांत्य सामन्यात त्यांच्यासमोर हुबळीच्या कोणी कुलकर्णीबाई होत्या. लठ्ठशा, चष्मा लावलेल्या, गुडघ्याला पट्टा. त्यांनी पहिली सर्व्हिस करण्याआधी चेंडू ओठांशी नेऊन त्यावर फुंकर मारली आणि अक्का खेळायच्या थांबल्या. माझ्याकडे वळून बघितलं. त्या नजरेवरून मला काही कळलं नाही. नंतर कळलं, दर सर्व्हिसआधीची ती फुंकर तरुणपणच्या जयंतीची होती. नाव लग्नाने बदललं होतं, अंग वयाने. फुंकर तेवढी तीच राहिली होती.

सामना अक्का हरल्या. रडीचा डाव नाही, मुद्दाम सोडलेला नाही. जयंतीबाईंनी त्यांना खरोखर हरवलं. शेवटचा पॉइंट झाल्यावर जयंतीबाई सगळ्यांसारख्याच बॅट पुढे करत जाळीपाशी आल्या. अक्कांनी आपली बॅट टेबलावर ठेवली आणि हात पुढे केला.

जयंतीबाई नुसत्या बघत राहिल्या. आजूबाजूच्या टेबलांवर खेळ चालू होते, चेंडूंचा टकटक आवाज येत होता, आणि अक्का तशाच उभ्या. मला वाटलं आता जाऊन त्यांना तिथून हलवावं. तेवढ्यात जयंतीबाई डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या हाताची बोटं बॅटच्या मुठीवरून एकेक करून सोडवायला लागल्या. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं… बोटं सांध्यांशी वाकडी झालेली होती. "थांब," त्या म्हणाल्या, "संधिवात आहे. एकदा धरलं की लवकर सुटत नाही." शेवटी बॅट सुटली. तो वाकडा हात त्यांनी अक्कांच्या हातात ठेवला, आणि अक्कांनी त्यावर आपला दुसरा तळवा अलगद झाकला, दुखणार नाही असा.

"लागला नव्हता हं," जयंतीबाई कन्नडमध्ये म्हणाल्या.

"लागला होता," अक्का म्हणाल्या.

आणि दोघी तशाच, हातात हात ठेवून, हसायला लागल्या.

नंतर कॉफी पिताना जयंतीबाईंनी आपली बाजू सांगितली. बेंगळुरूच्या त्या सामन्याआधी त्यांचं लग्न ठरत आलं होतं. वडील म्हणाले होते, संघात निवड झाली तर दोन वर्षं थांबू, नाही झाली तर याच मोसमात लग्न. त्या शेवटच्या पॉइंटनंतर महिन्याभरात त्या सासरी गेल्या. नातवंडं मोठी झाल्यावर, ज्येष्ठांच्या स्पर्धा असतात हे कळल्यावर, त्यांनी पुन्हा बॅट हातात धरली. अक्का ऐकत होत्या. परत जाताना माझ्या स्कूटरवर मागे बसून म्हणाल्या, "मी इतकी वर्षं समजत होते तिने माझा हात टाकला. तिने तर माझ्याकडे बघितलं बी नव्हतं गे…" त्या वाक्यात सुटका होती की आणखी एक एकटेपण, मला कळलं नाही. मी आरशात बघितलं तर त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

त्यानंतर दर रविवारी हुबळीहून फोन यायचा. अनेकदा मी समोर असायची. औषधं, पाऊस, सुना, भाज्यांचे भाव… आणि शेवटी हमखास तो चेंडू. "लागला नव्हता." "लागला होता, जा." अक्का फोन ठेवायच्या आणि पुढचा तासभर त्यांचा चेहरा तरतरीत दिसायचा.

अक्का गेल्याचं जयंतीबाईंना कळवायचं काम माझ्यावर आलं. स्मशानातून परतल्यावर, आंघोळ करून मी फोन लावला. ती शेवटची कधी खेळली, एवढंच त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाल्या, "एक सांगू का? तिला कधी सांगितलं नाही. मला तो चेंडू दिसलाच नव्हता. त्या वेळी मी वर गॅलरीत वडिलांकडे बघत होते."

"मग दर रविवारी भांडत होता ते?"

"भांडण मिटलं असतं तर फोनही मिटला असता ना…" त्या म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात अक्कांचा पुतण्या किरण घर विकायचं म्हणून आवरत होता. चांगला मुलगा आहे, थोडं कन्नड येतं, मराठी जवळजवळ नाही. "आंटी, तुम्हाला आठवण म्हणून काही हवं असेल तर बघा," म्हणून त्याने बोलावलं. इतक्या वर्षांत मी त्या घरात बाहेरच्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या पलीकडे कधी गेले नव्हते. त्याने मागच्या खोलीचं दार उघडलं. अक्कांच्या आईची खोली, म्हणाला. आत पलंग नव्हता. टेबल टेनिसचं टेबल होतं. त्याची पलीकडची अर्धी बाजू उभी करून ठेवलेली, एकट्याने सराव करताना करतात तशी, म्हणजे मारलेला चेंडू त्या फळीवर आपटून परत आपल्याकडेच येतो. टेबलावर बॅट होती, वाटीत चेंडू होते. जुनी लाल गुळगुळीत जमीन सगळीकडे चकचकीत होती, फक्त टेबलाच्या अलीकडे, जिथे माणूस उभं राहतं तिथे, रंग पार उडून खालचा करडा थर दिसत होता. पायांच्या दोन जागा ओळखू येत होत्या.

किरण फोनवर बोलत बाहेर गेला. मी त्या दोन जागांवर उभी राहिले आणि एक चेंडू मारला. परत आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. जसा मारावा तसाच येत होता, ना कमी ना जास्त. थोड्या वेळाने मी थांबले. मला वाटलं, घर विकण्याआधी एकदा तरी हे टेबल पूर्ण उघडून ठेवावं, दोन माणसांसाठी असतं तसं. मी बाजूने फळीमागे हात घालून खालचा खटका काढला आणि उभी फळी हळूहळू खाली घ्यायला लागले. ती अर्ध्यावर आली आणि भिंतीला टेकून अडली. मी टेबल अलीकडे ओढून पाहिलं, तिरपं करून पाहिलं. उपयोग झाला नाही. त्या खोलीत पलीकडे दुसरं कोणी उभं राहण्याइतकी जागाच नव्हती.